फुकटचा धूर, विकतचा धूर

उचगावात परवा मला बारा हजार रुपयांचा धूर पाजण्यात आला. उचगाव म्हणजे बेळगावकडचं मळेकरणीचं नव्हे, आमचं, करवीर तालुक्यातलं. एका अंगाला पुणे-बेंगळुरू हायवे, दुसऱ्या अंगाला गांधीनगरचा होलसेल कापडबाजार, मधे उसाचे उरलेसुरले फड आणि त्या फडांतून कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवणारे बंगले. अशाच एका बंगल्याच्या गच्चीवर आम्ही सातजण बसलो होतो. यजमान फौंड्रीवाला, माझा शाळेपासूनचा दोस्त. मीही त्याच लाइनीतला, पण पगारी बाजूचा. तीस वर्षं सँड लॅबमध्ये वाळूचा ओलावा मोजला, चाळण्या हलवल्या आणि कोअर कुठल्या बाइंडरनं धरलाय ते नाकानं ओळखलं. तेव्हा नाकाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

शिकवायला यजमानाचा पुतण्या हजर होता. पुण्यात नोकरी, दाढी कोरलेली, हातात जाड कव्हराची वही. त्यानं बाटली टेबलावर ठेवली ती गणपती पाटावर ठेवावा तशी. स्कॉटलंडची, पाच वर्षांची, पन्नाशीच्या वर टक्क्यांची, ‘हेवीली पीटेड’. बाटलीचं नाव सांगत नाही. माझं भांडण बाटलीशी नाही. ग्लास पोट सुटलेले आणि मान आवळलेले. तळाला जेमतेम बोटभर ओतली. सोडा नाही, बर्फ नाही, शेंगदाणेसुद्धा नाहीत. चव बिघडते म्हणे.

‘‘काका, घाई नाही करायची. आधी नोज. तोंड थोडं उघडं ठेवायचं.’’

मी ठेवलं. लहानपणी दवाखान्यात डॉक्टरसमोर ठेवायचो तसं. आणि वासही थेट तोच आला.

मग पोरानं वही उघडून वाचायला घेतलं. आयोडिन, समुद्रशेवाळ, डांबर, बँडेज, विझलेली शेकोटी. एकेका शब्दाला गच्चीवरच्या माना हलत होत्या, कीर्तनात हलतात तशा. यातल्या एकानंही जन्मात समुद्रशेवाळ हुंगलेलं नाही. समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याचा, आणि तोही भेळेच्या गाडीच्या पलीकडचा. पण पोरगं ‘सीवीड’ म्हणालं की लगेच, ‘‘हां हां, येतंय, येतंय!’’ येणारच. बारा हजार मोजल्यावर न येऊन सांगतं कुणाला!

माझ्या तोंडून मात्र निघून गेलं, ‘‘अरे, हा तर शेल शॉपचा वास.’’

गच्चीवर शांतता पसरली. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

फौंड्री न पाहिलेल्यांसाठी सांगतो. शेल कोअर करताना वाळूच्या कणांवर फिनॉलिक रेझिनचा पातळ थर चढवलेला असतो. ती वाळू तापल्या डायवर भाजली की बिस्किटासारखी घट्ट होते. त्या कोअरभोवती लोखंडाचा लालभडक रस ओतला की रेझिन जळतं आणि त्यातून फिनॉल, क्रेसॉल आणि त्यांची भावंडं बाहेर पडतात. पीटच्या धुरात तरी काय असतं? फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल. एकाच घराण्यातली मंडळी. जोसेफ लिस्टरनं १८६७ साली जखमा धुण्यासाठी कार्बोलिक ॲसिडचा मार्ग जगाला सांगितला, ते कार्बोलिक ॲसिड म्हणजे हेच फिनॉल. म्हणून या व्हिस्कीला दवाखान्याचा वास येतो, आणि वहीत त्याला ‘मेडिसिनल’ असा इस्त्रीचा शब्द मिळतो.

आता माझ्या या दोस्ताचं बघा. स्वतःच्या शेल शॉपमध्ये हा गडी सलग पाच मिनिटं थांबलेला मी कधी पाहिला नाही. नाकाला रुमाल, एक चक्कर, की परत एसीच्या केबिनमध्ये. त्याच्या कोअरवाल्या पोरांना तोच वास आठ तास मिळतो, माल निघायची घाई असली की बारा तास, आणि एक्झॉस्ट फॅन जळाला की ऑन द रॉक्स. त्यांना कुणी ग्लास दिला नाही, वही दिली नाही. त्यांनी तक्रार केली तर, ‘‘सवय होती, हळूहळू.’’ आणि गच्चीवर पुतण्या मला काय सांगतो? ‘‘काका, हळूहळू सवय होते. ॲक्वायर्ड टेस्ट आहे.’’

एका वाक्याला दोन पत्ते असतात ते असे.

आता हे पीट काय प्रकरण आहे तेही बघू, कारण गच्चीवर त्याचं वर्णन ‘एक प्रकारची खास माती’ असं झालं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे. त्याचं स्पेलिंग काहीही असो, उच्चार ‘आयला’. पहिल्या घोटाला मराठी माणसाच्या तोंडून आपोआप जे निघतं, तेच बेटाचं नाव. लाफ्रॉइग, आर्डबेग, लागाव्हुलिन ही धुरकट घराणी तिथलीच. या बेटावर झाडं नावाला, कोळसा बाहेरून बोटीनं आणायचा तर गरिबाला परवडायचा नाही. मग जाळायचं काय? तर दलदलीत हजारो वर्षं साचून, कुजून, दबलेलं शेवाळ आणि गवत. ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं. फावड्यानं त्याच्या विटा कापायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या आणि चुलीत सारायच्या. त्याच आगीवर माणसं स्वयंपाक करायची, शेकायची, आणि मोड आणलेला सातू वाळवायची. सातूत धूर शिरला तो हौसेनं नाही. दुसरं सरपण नव्हतं, म्हणून शिरला.

आमच्या गुऱ्हाळात चुलवणात चिपाड का जातं? रसासाठी ऊस पिळल्यावर ते हाताशी पडलेलं असतं, फुकट असतं. तिथं शेवाळ, इथं चिपाड. गरिबीतला शहाणपणा सारखाच. फरक पडला तो पुढं. त्यांनी आपल्या सरपणाचा अभिमान बाटलीत भरून जगाला विकला. आम्ही आमचं काय केलं ते सांगतोच, पण आधी पाच वर्षांचा हिशेब.

स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं काढावी लागतात. हा तिथला कायदा. भट्टीतून नुकती निघालेली दारू पाण्यासारखी पांढरी असते आणि तिला भिजल्या कणकेचा, कच्च्या फळाचा वास असतो. लाकूड तिला माणसात आणतं, पण लाकडाला वेळ लागतो. आणि पिंपात जसजशी वर्षं जातात तसतसा धूर मवाळ होतो. म्हणजे धूर ऐन भरात हवा असेल तर दारू तरुणच काढली पाहिजे. या मालाचे वकील हेच सांगतात आणि ते खोटं नाही. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं की लवकर बाटलीत भरली की गोदाम लवकर मोकळं होतं, पैसा लवकर फिरतो आणि कच्चेपणा धुरामागं लपतो. आमच्याकडं कालचं मटण आज खपवायचं असलं की हॉटेलवाला काय करतो? चटणी वाढवतो. हातभर जीभ बाहेर काढून हाश-हुश करणाऱ्या गिऱ्हाइकाला मटणाचं वय कळत नाही.

(आणि हो, महाराष्ट्रात व्हिस्की प्यायला वयाची पंचवीस पुरी लागतात. पिणाऱ्याला पंचवीस, दारूला पाच. त्यातून पिण्याचा परवाना लागतो तो वेगळाच, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा हा परवाना दिला जातो तो आपली प्रकृती राखण्यासाठी! अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लाफ्रॉइग म्हणे औषध म्हणून खपत होती. तिथल्या कस्टमवाल्यांनी हुंगून पाहिली असेल आणि पटलं असेल. आमच्या सरकारनं न हुंगताच मान्य केलंय.)

तिखटाचा विषय निघालाच आहे तर थोडा थांबतो, कारण माझी खरी खाज तिथंच आहे. कोल्हापूर सोडून तुम्ही कुठल्याही गावात हॉटेलात बसा, ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाचा लाल तवंगाचा चिखल मिळेल, वर एक तळलेली सुकी मिरची खोचलेली. कोल्हापुरातल्या कुठल्या आईनं हा पदार्थ केला, मला दाखवा. कोल्हापुरी म्हणजे तिखटजाळ, असं बाहेरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. अरे, आमचा पांढरा रस्सा कुठं गेला? त्यात लाल तिखटाचा कण नसतो. तांबड्यात कांदा-लसूण मसाला आहे, भाजलेलं खोबरं आहे, तीळ-खसखस आहे, मटणाची आळणी आहे. तिखट त्या वाड्यातलं एक बिऱ्हाड. पण बाहेरचा माणूस विचारतो एकच, ‘‘किती झणझणीत?’’ आणि घाम पुसत मोबाइलवर फोटो काढतो.

पीटेड व्हिस्कीचं नेमकं हेच झालंय. तिथं झणझणीत मोजायला आकडासुद्धा आहे, पीपीएम. दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग. लाफ्रॉइगच्या सातूत चाळीस-पंचेचाळीस, आर्डबेगच्या पंचावन्नच्या आसपास. एवढ्यावर जग सुखी होतं. मग आयलावरच्याच ब्रुखलॅडीनं ऑक्टोमोर काढली. २००८ च्या पहिल्या बाटलीलाच १३१, पाच वर्षांची. पुढं एकीवर ३०९ चा आकडा चढला, तीही पाच वर्षांचीच. तालमीत पोरं एकमेकांच्या दंडांना टेप लावतात तसा प्रकार. गंमत अशी की हा आकडा मोजतात तो भट्टीत जाण्याआधीच्या सातूत. नंतर दळण, पाणी, आंबवण, दोनदा ऊर्ध्वपातन, यात फिनॉलचा मोठा हिस्सा वाटेतच गळतो. शिवाय फिनॉल भट्टीतून येतं ते शेवटी-शेवटी. भट्टीवाला धार कधी तोडतो त्यावर ग्लासात किती उतरणार हे ठरतं. म्हणजे खरा कसबाचा भाग तो. त्या भट्टीवाल्याचा हात कुणाला दिसत नाही, खोक्यावरचा आकडा सगळ्यांना दिसतो. मिरचीचं पोतं तोलून रश्श्याला बक्षीस द्यायचं, असला हा न्याय.

गच्चीवर मी हे सगळं बोललो नाही. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पैशाची पीत होतो. एवढी लाज बाळगून आहे. मी फक्त म्हटलं, ‘‘पाणी आण रे जरा.’’

पुतण्यानं ड्रॉपर आणला. ड्रॉपर! माझ्या लॅबमध्ये ॲसिडला असायचा तसला. चार थेंब टाकले. आता इथं मला खरं बोललं पाहिजे, नाहीतर हा सगळा लेख आंबट द्राक्षांचा होईल. थेंब पडले तशा व्हिस्कीत तेलकट नागमोडी रेषा सुटल्या, तापल्या डांबरावरची हवा थरथरते तशा. आणखी थोडं पाणी घातल्यावर रंग किंचित धुरकटला, जणू काचेवर कुणी हाः केलं. मी नाक खाली नेलं. दवाखाना मागं सरला होता. बँडेज गेलं, डांबर गेलं. आणि राहिलं ते ओल्या चिपाडाचं चुलवण.

पंचगंगेकाठच्या आमच्या मळ्यात वडिलांचं गुऱ्हाळ होतं. पहाटेच्या आधणाला चिपाड दवानं भिजलेलं असायचं. ओलं चिपाड घातलं की धूर वर जात नाही; पांढरा, जड होतो, मांजरासारखा जमिनीलगत सरपटतो. त्यात काहिलीच्या कडेला करपलेल्या रसाचा गोडवा मिसळतो. गुळव्या उलथनं बुडवून धार बघत असायचा आणि आम्ही पोरं काकवीच्या आशेनं डोळे चोळत त्या धुरात उभे. तो वास, पन्नास वर्षांचा, चुलवणासकट, त्या मान आवळलेल्या ग्लासात. मला राग आला. इतका की मी ग्लास खाली ठेवला. तुम्हाला गंमत वाटेल, पण माणसाला आपलीच वस्तू परक्याच्या दुकानात, परक्याच्या लेबलाखाली सापडली की आनंद नंतर होतो.

पुतण्याची वही पुढं सरकली. ‘‘काका, नोट्स?’’ मी लिहिलं: ओलं चिपाड, पहाटेचं आधण. पोरानं वाचलं, बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, ‘‘म्हणजे कॅम्पफायर ना?’’

आता आम्ही आमच्या धुराचं काय केलं ते. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. कागद भक्कम आहे. पण मार्केट यार्डात सौदा निघतो तेव्हा रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून बघतात काय? रंग. पिवळाधमक असला तर भाव, काळपट असला तर मान फिरवतात. वडील भेंडीच्या पाण्यानं रसाची मळी काढायचे, बाकी काही घालत नसत. गूळ तांबूस उतरायचा, त्याला किंचित धुराची, किंचित खारट चव असायची. एका वर्षी अडत्यानं रवा बघून नुसतं म्हटलं, ‘‘आण्णा, काळा पडलाय.’’ दर पडला. पुढच्या वर्षीपासून काहिलीत हायड्रो पावडर पडायला लागली. गूळ असा उजळला की हळद लागलेल्या नवरीसारखा. चव गेली, तिची चौकशी कुणी केली नाही. नंतर कोण कोण साखरही ढकलायला लागलं. आता गुऱ्हाळंच बसत चालली. आमचं तर कधीच गेलं, धुराड्याच्या विटा कुणाच्या तरी कुंपणात आहेत.

म्हणजे हिशेब असा मांडा. जो माणूस गुळावर धुराची सावली पडली तर तो रवा परत करतो, तोच माणूस सातूवर धूर बसावा म्हणून बारा हजार मोजतो. २०२५-२६ च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, टनाला ३५५० रुपये धरली होती, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. एक बाटली म्हणजे जवळजवळ साडेतीन टन ऊस, तोडणी-वाहतूक वजा न करता. साडेतीन टन उसाचं चिपाड जाळलं असतं तर अख्ख्या उचगावला नोज मिळाला असता.

आमच्यातलाच एकजण, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केलेला, तिसऱ्या ग्लासाला म्हणाला, ‘‘आपली इंडियन व्हिस्की म्हणजे काय हो, मळीची रम. युरोपात तिला व्हिस्की म्हणूच देत नाहीत.’’ बरोबर आहे. तिथं व्हिस्की धान्याचीच लागते, आणि आपल्याकडच्या कित्येक स्वस्त ब्रँडांत मळीचा अर्क असतो. सरकारी भाषेत त्याला ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’ म्हणतात, ही चार शब्दांची पदवी ज्यानं शोधली त्याला मी मानतो. पण ती मळी आली कुठून? ज्या काट्यावर याची पंचवीस वर्षं गेली, त्याच काट्यावरून आत गेलेल्या उसातून. त्यानं नाक मुरडलं ते स्वतःच्या पगाराकडं बघून.

आणि चांगली धान्याची व्हिस्की आपल्याकडं होत नाही, असंही नाही. बेंगळुरूच्या अमृतनं आपली सिंगल माल्ट २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. बेंगळुरूच्या उन्हात पिंपातली दारू वर्षाला दहा-बारा टक्के उडून जाते. स्कॉटलंडात दोनच्या आसपास. पाच वर्षांत निम्म्याच्या जवळपास पिंप हवेत. म्हणजे वयाचा आकडा तिथला वेगळा, इथला वेगळा, हे ज्याला कळलं त्यानं वही मिटावी. अमृत धुरकटही करते, गोव्यातली पॉल जॉनही करते, आणि माल मी प्यालोय, उत्तम आहे. पण धूर? एकीनं धुरावलेला सातू स्कॉटलंडहून आणायचा, दुसरीनं पीट. आपल्या देशात धुराची टंचाई पडली, म्हणून आयात! आंब्याच्या, बाभळीच्या लाकडावर, गोवरीवर, चिपाडावर सातू वाळवून बघावा, असं एखाद्याला वाटलं तर मी पहिल्या बाटलीचे पैसे आजच देतो. तांबूस निघाली तरी चालेल.

साडेदहाला बैठक मोडली. पुतण्यानं सगळ्यांचे मार्क गोळा केले, शंभरपैकी. सहाजणांचे नव्वदीच्या वर. मी रकाना कोरा ठेवला, तर त्यानं स्वतःच अठ्ठ्याऐंशी घातले. ‘‘काका, तुमचे अंदाजानं धरले.’’

दोस्तानं मला सोडायला गाडी दिली. ड्रायव्हर पूर्वी त्याच्याच शेल शॉपला होता. छातीचा त्रास सुरू झाल्यावर गाडीवर घेतला. मी पुढं बसलो. तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा त्यानं दोनदा नाक ओढलं आणि काच थोडी खाली घेतली.

‘‘सायेब, आज शेल शॉपला गेलता व्हय?’’

म्हटलं, ‘‘व्हय. ओव्हरटाइम होता.’’